कच्च्या तेलाची धार

"मॅडम नाहीत का?"

राजापेठेतल्या माझ्या खोलीचं दार ढकलून येणारे निम्मे लोक अजूनही पहिलं हेच विचारतात. बाहेर पाटी आहे, पाटीवर माझं नाव आहे, नावाखाली 'आहारतज्ज्ञ' असं ठळक लिहिलं आहे. तरी काय खावं हे एखादा पुरुष सांगेल, आणि तोही मिशीवाला, यावर आमच्याकडे विश्वास बसायला वेळ लागतो. मी म्हणतो, "मीच मॅडम. बसा." मग ते बसतात. पण पाकीट मात्र वजन थोडं उतरल्यावरच खुशीनं उघडतात.

वीस वर्षांहून जास्त काळ मी हे काम करतोय. चार दिवस अमरावती, मंगळवार आणि शुक्रवार अकोला. काम सांगायला सोपं आहे. शरीर रोज जेवढं जाळतं त्याहून थोडं कमी पोटात गेलं पाहिजे. बस. यात गुपित काही नाही. पण हा 'थोडं कमी'चा हिशेब लोक जिथे चुकवतात त्या जागा इतक्या सुंदर असतात की त्या शोधण्यातच माझं आयुष्य मजेत गेलं.

एक साधा नमुना देतो. मालटेकडीवर रोज पहाटे चालायला जाणाऱ्या चार मैत्रिणी माझ्याकडे आल्या होत्या. चेहरे लालबुंद, पायात नवे बूट, सहा महिने एकही खाडा नाही, आणि वजन तसूभर हललेलं नाही. बोलता बोलता कळलं की परतताना त्या गिला वड्याच्या गाडीवर थांबतात. अमरावतीबाहेरच्यांसाठी सांगतो, हा दही-चटणीत बुडवलेला उडदाचा वडा, आणि तो समोर आला की चांगल्या चांगल्यांचा निश्चय दह्यात बुडतो. "सर, एवढं चालल्यावर एक प्लेट तर बनतेच न!" त्यांतली एक म्हणाली. मी कागदावर मांडून दाखवलं. तासभर झपाझप चालून सुमारे तीनशे कॅलरी जळतात. एक प्लेट वडा दह्या-साखरेसकट तेवढ्याच, किंवा थोड्या जास्तच. म्हणजे त्या रोज टेकडी चढून वड्याचे पैसे अंगानं फेडत होत्या. एकीनं बराच वेळ कागदाकडे पाहून विचारलं, "मग चालणं बंद करू का?"

नाही! इथेच लोक दुसऱ्या टोकाला जातात. वजन उतरवण्याचं मोठं काम ताट करतं, चालणं त्याला हातभार लावतं. पण उतरताना चरबी जावी आणि मांस राहावं, साखर आणि रक्तदाब ताळ्यावर यावेत, झोप लागावी, आणि मुख्य म्हणजे उतरलेलं वजन परत चढू नये, हे सगळं व्यायामाचं खातं. दोन्ही लागतात, फक्त एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. हे मी हजारदा सांगितलं असेल. पण ते मला स्वतःला अंगावर काटा येईपर्यंत पटलं ते अकोल्याच्या सुभाषभाऊंमुळे.

सुभाषभाऊ मूळचे तेल्हाऱ्याचे. अकोल्यात त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे जळालेले पंप लोक आणून टाकतात आणि हे दिवसभर स्टुलावर बसून तांब्याची तार भरतात. बसकं काम. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका शुक्रवारी ते माझ्यासमोर बसले तेव्हा वजन शहाण्णव किलो होतं.

"सर, मले चौऱ्याऐंशीच्या खाली जायचं आहे. लवकर."

"लग्न आहे का कुणाचं?" मी विचारलं, कारण घाईची नव्वद टक्के गिऱ्हाइकं लग्नाची असतात.

"नाही. किडनी द्यायची आहे."

त्यांची मोठी बहीण, रेखाताई, नवरा वारल्यापासून त्यांच्याच घरी राहते. आई लवकर गेली तेव्हा हिनंच यांना वाढवलं. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. घरात रक्तगट जुळणारा आणि साखर नसलेला हा एकटाच. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, पण नागपूरच्या डॉक्टरांनी वजनापाशी अडवलं. जाड माणसाचं ऑपरेशन जोखमीचं, आणि नंतर उरलेल्या एकाच किडनीला एवढ्या मोठ्या अंगाचा भार कायमचा वाहायचा. आधी वजन उतरवा, मग या, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. आणि ताईंची तब्येत पाहता फार दिवस हातात नाहीत, हेही सांगितलं.

"म्हणजे डबल मोटरचं काम सिंगलवर येणार," सुभाषभाऊ म्हणाले. "मग लोड कमी पायजेच. मले पटलं ते."

त्या दिवशी बसनं अमरावतीला परतताना मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. डोक्यात आकडे नाचत होते. बारा किलो! लग्नात ब्लाउज बसावा म्हणून लोकांचे चार-चार किलो मी उतरवले होते. कुणाचा तरी जीव माझ्या वजनकाट्यावर अवलंबून आहे असं पहिल्यांदाच होत होतं.

पुढच्या शुक्रवारी ते आले ते उड्या मारतच. "सर, आज एका सकाळीच दीड किलो उतरलं!" डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आणि हातात रेनकोट. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे त्यालाच यातला वेडेपणा कळेल. हा माणूस रेनकोट घालून डाबकी रोडवर पळत होता.

"कशासाठी?"

"घाम काढून राहिलो न सर. चरबी वितळते."

मी त्यांना दोन तांबे पाणी पाजलं आणि पुन्हा काट्यावर उभं केलं. काटा किलोभर वर. "बघा, तुमची चरबी माझ्या तांब्यात होती," मी म्हणालो. आणि मग मी खरोखर ओरडलो. घामातून नुसतं पाणी जातं, ते पहिल्या घोटाला परत येतं. आणि अंगातलं पाणी आटलं की पहिला ताण किडनीवर. "जी वस्तू ताईंना द्यायची, तीच तुम्ही भर उन्हात तापवताय!"

ते एकदम खाली बसले. "बाप्पा! म्हणजे मी बिनपाण्याची, ड्राय मोटर चालवून राहिलो होतो."

त्यानंतर त्यांना काही समजवावं लागलं नाही. आम्ही ताट ठरवलं. भाकरी दीड, अर्ध्या ताटात भाजी, रोज एक वाटी उसळ किंवा वरण, ताक, आणि फोडणीचं तेल घरभराला मिळून महिन्याला एक लिटर. व्यायामाला संध्याकाळी ऊन उतरल्यावर चालणं, आणि दुकानातच पंपाचं लोखंडी धूड उचलण्याऐवजी पाण्याच्या बाटल्या घेऊन हातापायांचे सोपे प्रकार, म्हणजे मांस टिकेल. महिन्याभरात काटा ब्याण्णव पूर्णांक चारवर आला. मी माझ्या बायकोला फोनवर आकडा सांगितला. ती शाळेत शिकवते, आकड्यांची तिलाही आवड. ती म्हणाली, "तुम्ही निकाल लागल्यासारखे बोलताय."

आणि मग काटा थांबला.

ब्याण्णव चार. ब्याण्णव पाच. ब्याण्णव तीन. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार. काही दिवस वजन अडतं, ते चालतं. पण हे अडणं नव्हतं, ही भिंत होती. मी माझ्या काट्यावर संशय घेतला, प्रमाणित वजनं आणून तो तपासला. काटा चोख होता. मग मी सुभाषभाऊंवर संशय घेतला. दुकानात समोसा? चहात साखर? संध्याकाळची बैठक? प्रत्येक प्रश्नाला ते नाही म्हणायचे, आणि खोटं बोलणाऱ्याची मान मला ओळखता येते, ही ती मान नव्हती. तिकडे डायलिसिसमध्ये ताईंचा रक्तदाब कोसळायला लागला होता. नागपूरहून विचारणा होत होती. सुभाषभाऊ म्हणू लागले, "सर, मी एक वेळचंच जेवू का? उपाशी राहू का?" मी म्हणालो, उपाशी माणसाचं मांस आधी जातं, आणि तसा सुकलेला दाता डॉक्टर परत पाठवतील.

एका शुक्रवारी त्यांची बायको वर्षा सोबत आली. तिचा पारा चढलेला होता.

"सर, तुमाले वाटते मी चोरून तेल घालते. तुमीच या न घरी. माह्या कढईत डोकं घालून पाहा."

"येतो," मी म्हणालो. "पण माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही. रोजचं तेच."

पुढच्या मंगळवारी दुपारी मी त्यांच्या घरी जेवायला गेलो. वर्षाची कढई खरंच स्वच्छ होती. वांग्याची भाजी चमचाभर तेलात, पाण्यावर शिजवलेली. तिनं महिन्याची बाटली आणून दाखवली, अर्ध्याहून जास्त भरलेली. रेखाताईंना मी पहिल्यांदाच पाहिलं. बारीक अंग, मनगटाजवळ डायलिसिसची फुगलेली शीर, शेजारी पाण्याची बाटली आणि तिच्यावर नेलपॉलिशची लाल रेघ. किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या, म्हणून दिवसभराचं पाणी त्या रेघेपर्यंतच. त्यात चहाही आला आणि गोळ्यांसोबतचं पाणीही. त्या दर वेळी घोट घ्यायच्या आणि बाटली डोळ्यांसमोर धरून रेघ पाहायच्या.

ताटं वाढली. कळण्याची भाकर होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून मीठ घालून केलेली ती भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, हा वऱ्हाडचा जीव की प्राण. सुभाषभाऊंची भाकरी मोजून दीड. मी मनात आकडेमोड करत होतो, सगळं बरोबर येत होतं, आणि माझा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात रेखाताई उठल्या. कोनाड्यातून त्यांनी एक कुपी आणली आणि भावाच्या ठेच्यात बोटानं खळगा करून वरून तेलाची धार सोडली. पिवळीधमक, बारीक, न थांबणारी धार. ठेचा बुडाला, भाकरीची कड भिजली, तरी धार चालूच.

"हे काय आहे?" माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"जवसाचं तेल," ताई म्हणाल्या. "तेल्हाऱ्याहून येते. घाण्यावरचं. घ्या न तुमीही."

"हे रोज?"

"दोन्ही टाइम," सुभाषभाऊ घास घेत म्हणाले. "कोरडा ठेचा कसा खाणार सर?"

"मी तुम्हाला तेलाबद्दल किती वेळा विचारलं!"

ते खरंच चकित झाले. "तुमी फोडणीचं विचारलं होतं. हे तर कच्चं आहे. कच्चं तेल अंगाले थोडी लागते!"

आणि वर्षानंही मान डोलावली. घरातल्या तिघांनाही हे पक्कं ठाऊक होतं की तापवलेलं तेल जाड करतं आणि कच्चं तेल थंड असतं, उलट ताकद देतं. शिवाय ते दुकानातलं नव्हतं, बाटलीतलं नव्हतं, आपल्या शेतातल्या जवसाचं होतं. ते कुणाच्याही हिशेबात येणार कसं? मी वऱ्हाडातच जन्मलो, माझी आईही भाकरीवर असंच तेल घालायची, तरी ही धार मला सुचली नव्हती.

मी पिशवीतून मोजमापाचे चमचे काढले. "ताई, तशीच धार या वाटीत सोडा. हात आखडायचा नाही." त्यांनी सोडली. मी मोजली. दोन मोठे चमचे भरून. एका चमच्याला सुमारे एकशेवीस कॅलरी, एका जेवणाला दोनशे चाळीस, दोन वेळचे मिळून चारशेऐंशी! वर्षा कढईत जेवढं वाचवत होती आणि सुभाषभाऊ रस्त्यावर जेवढं जाळत होते, ते बहुतेक सगळं या कुपीतून परत ताटात येत होतं. ती भिंत होती ना, ती ही! मला इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली.

आनंद करणारा मी एकटाच होतो. रेखाताईंनी कुपी खाली ठेवली होती आणि त्या तिच्याकडेच पाहत होत्या.

"म्हणजे मीच अडवून राहिली होती," त्या म्हणाल्या.

"ताई, तुले कुठं माहीत होतं," सुभाषभाऊ म्हणाले.

"हा माह्यापायी सुकून चालला होता. गालाची हाडं दिसाले लागली. मले पाहवत नव्हतं, सर. मी म्हणलं, काही नाही तर ठेच्यावरची धार तरी मोठी करू." मग जरा थांबून, माझ्याकडे सरळ पाहत त्या म्हणाल्या, "आन खरं सांगू का? याचं वजन नाही उतरलं तर बरं, असं बी वाटे मले. याले दोन लेकरं आहेत. मी काहून याचं अंग कापून घेऊ?"

वर्षा जेवता जेवता थांबली. सुभाषभाऊंनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"ताई, पोटच्या पोरासारखं वाढवलं न तू मले? तवा कोणाले इचारलं होतं, काहून वाढवू म्हणून?"

ताईंनी कुपीचं झाकण लावलं.

"आन दुसरं असं, की किडनी तुलेच भेटणार आहे. मग आत्तापासून तिले तेलकट काहून करून राहिली?"

वर्षा आधी हसली. मग ताई हसल्या, पदरानं डोळे पुसत. मग त्यांनी माझ्यासमोर हात केला. "तो चमचा मले देऊन जा. लहानवाला."

त्यानंतरचे महिने मी आयुष्यात विसरणार नाही. पाणी मोजून पिणाऱ्या बाईला माप काय असतं हे शिकवावं लागत नाही. जेवणाला एक लहान चमचा तेल, सपाट, बोटानं कड पुसून. काटा घसरू लागला. एक्क्याण्णव! नव्वद! एकोणनव्वद, आणि तिथे न थांबता खाली! दर शुक्रवारी सुभाषभाऊ चपला, पट्टा, किल्ल्या, मोबाइल सगळं माझ्या टेबलावर काढून ठेवायचे आणि डोळे मिटून काट्यावर उभे राहायचे. बाहेर थांबलेल्या बायकांनाही हे प्रकरण कळलं होतं. त्या दाराच्या फटीतून विचारायच्या, "किती आला?"

महालक्ष्म्यांच्या जेवणाला ते सगळे एका नातेवाइकांकडे गेले होते. तिथली हकीकत वर्षानं मला जशीच्या तशी करून दाखवली. पुरणपोळीवर तूप वाढायला यजमानीणबाई वाकल्या आणि ताईंनी भावाच्या ताटावर आपला हात आडवा धरला.

"वाढू द्या न, तो काय रोज जेवते का इथं?"

"वहिनी," ताई म्हणाल्या, "त्याच्या ताटात माहा वाटा आहे. तूप नका वाढू."

दिवाळीनंतर नागपूरला बोलावणं आलं. आमच्या काट्यावर त्र्याऐंशी पूर्णांक सहा होते. पण तिथला काटा वेगळा, वेळ वेगळी, आणि प्रवासात कुणी तरी पोहे खाऊ घालणारच. त्या दिवशी मी राजापेठेत होतो. समोर एक शिकवणीवाले मास्तर बसले होते, ते न चालता वजन कसं उतरवायचं ते विचारत होते आणि माझं लक्ष फोनकडे होतं. फोन वाजला.

"सर." पलीकडे गोंगाट. "सर, त्र्याऐंशी पूर्णांक आठ. घेतलं! घेतलं सर त्यायनं!"

मी उभा राहिलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण बाहेरच्या खोलीतले सगळे आत धावले, कुणाला तरी काही झालं असं समजून. मी त्यांना सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला सगळ्यांसाठी गिला वडा सांगितला. प्रत्येकी एक. वजन कमी करायला आलेली माणसं माझ्या खोलीत, माझ्या पैशानं, उभ्या उभ्या गिला वडा खात होती. मास्तर म्हणाले, "सर, हे चालतं का?" मी म्हणालो, "आज चालतं. उद्या चाला."

ऑपरेशन दोघांचंही चांगलं झालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुभाषभाऊंनी पुन्हा चालणं सुरू केलं, आणि आजही ते चौऱ्याऐंशीच्या आसपासच आहेत. व्यायामाचं खरं काम असं चालतं, टाळ्या न मिळवता. सगळ्या गिऱ्हाइकांची गोष्ट अशी होत नाही. निम्मे लोक दोन महिन्यांनी यायचेच बंद होतात आणि मग बाजारात दिसले की दुसऱ्या गल्लीत वळतात. त्यांच्याही ताटात कुठली तरी धार असणार, आणि ती मला सापडली नाही याची हळहळ वाटते. म्हणून आता मी कुणाला काय खाता असं विचारत नाही. ताट वाढून झाल्यावर कोण काय घेऊन येतं, हे विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे डोकावलो. ताईंच्या तोंडावर मास्क होता, पण चेहरा भरलेला. वर्षानं जेवायला बसवलं. कळण्याची भाकर, ठेचा, आणि सुभाषभाऊंच्या ताटाशेजारी तो लहान चमचा. ताईंनी मापानं तेल घातलं, कड पुसली. मग त्यांनी मास्क खाली केला आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा मोठा तांब्या उचलला. त्यावर रेघ नव्हती. आता त्यांना भरपूर पाणी पिण्याची ताकीदच होती. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि प्यायल्या. आम्ही तिघेही घास हातात धरून पाहत राहिलो. गळा खालीवर होत होता, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, आणि तांब्या खाली येत नव्हता.

"ताई, हळू," सुभाषभाऊ म्हणाले. "कोणी हिसकून नाही नेऊन राहिलं."

ताईंनी तांब्या जरासा खाली घेतला.

"पेऊ दे रे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वर केला.